आणखी बास मासे सोडून शॅड मासे कमी होतील का?

टेक्सासच्या एका तळ्याबद्दल कुणी विचारलंय की त्यात शॅड (बासचं खाद्य असलेले चंदेरी मासे) माजलेत, तर त्यांना खायला अजून शेदोनशे लार्जमाउथ बास (मोठ्या तोंडाचे शिकारी मासे) सोडावेत का. माझं मत, थांबा. आधी मासा नीट ओळखा, शॅड दोन जातींचे असतात: थ्रेडफिन आणि गिझर्ड. थ्रेडफिन शॅडची शेपटी पिवळसर असते. गिझर्डची तशी नसते आणि त्याचं नाक खालच्या जबड्यापुढे आलेलं असतं. थ्रेडफिन असेल तर फार चिंता नको. तो लहानच राहतो आणि कडक थंडीत आपोआप मरतो.

गिझर्ड असेल तर मात्र डोकेदुखी. पहिल्याच वर्षात तो मध्यम बासच्या जबड्यात मावेनासा होतो. मग मोठे शॅड निवांत अंडी घालतात (एकेक मादी लाखांनी), त्यांची पिल्लं ब्लूगिलच्या (बास खातात त्या छोट्या माशाच्या) पिल्लांचं खाणं पळवतात, आणि तळाचा गाळ उपसून खाल्ल्यामुळे शेवाळ माजून पाणी हिरवं होतं ते वेगळंच. अशात छोटे बास वाढवले तर तेच उपाशी राहतात. उलट छोटे बास काढून खा, मोठे परत सोडा.

रोटेनोनचा (मासे मारायच्या विषाचा) हलका डोस शॅडला मारतो, बास-ब्लूगिल बहुतेक वाचतात. पण ते काम परवानाधारकाचंच. मात्रा चुकली तर सगळं तळं उताणं. आणि उरलेले शॅड पुन्हा वाढतातच. तरी पुढच्या हंगामात बोटभर पिल्लं भरपूर मिळतात, बासना तीच तर हवी असतात. पण यातलं काहीही करण्याआधी एकदा इलेक्ट्रोफिशिंगने (पाण्यात वीज सोडून मासे थोडा वेळ सुन्न करून) पाहणी करून घ्या, खर्च वसूल होतो.