अपराइट व्हॅक्यूम : कार्पेटवर ओढतो, पण होजला जोरच नाही

जिन्याखालची
नमस्कार मंडळी, आम्ही एडिसनला राहतो, न्यू जर्सी. घरात एक जुना अपराइट, म्हणजे उभ्या दांड्याचा, व्हॅक्यूम क्लीनर आहे, बॅगवाला नाही, प्लास्टिकच्या डब्याचा. कार्पेटवर फिरवला की अजूनही छान साफ करतो पण जिन्यासाठी मागची होज, म्हणजे लवचिक नळी, काढून हातात घेतली की सगळा जोर गायब, सोफ्याच्या फटीतला चिवडासुद्धा जागचा हलत नाही. डबा रिकामा केला, ब्रशला गुंडाळलेले केस कापून काढले, काही फरक नाही. बेल्ट बदलू का? घरच्यांचं म्हणणं फेकून दे आणि नवीन आण, पण मोटर इतकी व्यवस्थित चालतेय तर टाकवत नाही हो. गणपतीला घरी माणसं येणार आहेत, त्याआधी जिना साफ व्हायलाच हवा.

खटपटे_काका
ताई, बेल्टला हात लावू नका. बेल्ट फक्त खालचा ब्रश फिरवतो, सक्शनशी, म्हणजे हवा ओढण्याशी, त्याचा काही संबंध नाही. आणि कार्पेट साफ होतोय म्हणजे सक्शन ठीक आहे असंही धरून चालू नका, कारण कार्पेटमधली धूळ निम्मी तर ब्रशच झटकून वर काढतो.

आधी हवा कुठून कुठे जाते ते बघा. काही मशीनमध्ये होज पूर्ण वेगळी असते आणि हँडल उभं केलं की आत एक झडप फिरून हवा होजकडे वळते. ती झडप कचऱ्याने अडकली तर अर्धी हवा खालूनच येत राहते. दुसऱ्या प्रकारात होजचं टोक मागे खाली एका भोकात खोचलेलं असतं, म्हणजे जमिनीवरची धूळसुद्धा त्याच होजमधून वर डब्यात जाते. तुमचं कुठलं?

मग मशीन चालू करून होजच्या तोंडावर तळहात घट्ट दाबा आणि मोटरचा आवाज ऐका. हवा बंद झाली की मोटर हलकी होऊन जास्त वेगात फिरते, आवाज चढतो. चढला तर वाटेत गळती नाही. नाही चढला तर हवा दुसरीकडून कुठून तरी आत शिरतेय. आणि हात न लावताच आवाज चढलेला असेल तर कुठेतरी बोळा बसलाय किंवा फिल्टर चोंदलाय.

ऑस्टिनकर
काकांना अनुमोदन. भर म्हणून, प्लग काढून होज दोन्हीकडून सोडवा आणि वरून एक नाणं टाका, खाली खणकन पडलं तर वाट मोकळी. आमच्याकडे बहुतेक वेळा केसांची पिन निघते, ती वळणात आडवी अडकते आणि मग तिच्याभोवती केस, दोरे, नारळाची शेंडी असं सगळं साठत जातं. काढायला झाडूचा दांडा घ्या, बोथट बाजूने. तारेचा हँगर घालू नका, होज आतून फाटते.

जिन्याखालची
काका, आमचं दुसऱ्या प्रकारातलं, खाली खोचलेली होज. नाणं आरपार पडलं. पण एक गंमत कळत नाहीये, होज सैल ठेवून तोंडावर हात दाबला तर आवाज चढतो, आणि जिन्यावर नेताना ताणते तशी ताणून दाबला तर चढत नाही!

खटपटे_काका
मग सापडलं ताई! होज ताणल्यावर फटतेय. आता मशीन बंद करून, दिव्यासमोर धरून ती हळूहळू ताणा, विशेषतः जिथे ती मशीनच्या प्लास्टिकच्या गळ्यात शिरते तिथले पहिले चार-पाच वेढे बघा. सगळ्यात जास्त वाकते ती तिथेच. चीर वेढ्यांच्या मधे असते, होज आखडलेली असताना तिच्या कडा एकमेकींवर बसतात त्यामुळे नुसतं बघून दिसतच नाही. कार्पेटवर चालवताना होज आखडलेलीच असते, म्हणून तिथे काही जाणवत नाही.

जिन्याखालची
हो हो अगदी तिथेच! गळ्यापासून दोन वेढे सोडून, नखाएवढी चीर आहे, ताणली की तोंड उघडते. टेप लावून चालेल का?

खटपटे_काका
इलेक्ट्रिकलवाली काळी टेप, होज ताणलेली असताना गुंडाळा. आखडलेली असताना लावली तर पहिल्या ओढीलाच सुटेल. गणपतीपुरतं भागेल, कायमचं नाही. मशीनच्या मागे किंवा तळाला स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, तो घालून नवी होज शोधा, नवीन मशीनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. चीर टोकाजवळ असल्यामुळे तेवढा तुकडा कापून उरलेली होज परत गळ्यात बसवतात काही जण, पण होजमधून पुढच्या ब्रशला वीज जात असेल तर कापायचं नाही म्हणजे नाही.

ऑस्टिनकर
आणि आता मशीन उघडलंच आहे तर मोटरच्या आधीचा फोमचा फिल्टर धुऊन टाका, साध्या गार पाण्याने, साबण नको. पूर्ण एक दिवस वाळू द्या, ओला बसवला तर वास मारतो आणि ओल मोटरकडे ओढली जाते. मागचा घड्याघड्यांचा, अगदी बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर मात्र धुण्यासारखा आहे असं लिहिलं असेल तरच धुवा. आणि रांगोळी व्हॅक्यूमने कधीच ओढू नका, ती पूड इतकी बारीक असते की फिल्टर लगेच चोंदतो, केरसुणी-सुपलीच बरी.

मिशिगनची_मावशी
मधेच विचारते, माझ्याकडे खूप जुना कापडी पिशवीवाला अपराइट आहे, त्याचीही होज अशीच मंद. चीर नाही, बोळा नाही, पिशवी नवीन. काय बघू?

खटपटे_काका
मावशी, कदाचित काहीच बिघडलेलं नाही. जुन्या पिशवीवाल्या बऱ्याच मशीनमध्ये धूळ थेट पंख्यातून पुढे पिशवीत जाते. तसा पंखा पुष्कळ हवा हलवतो पण त्याची ओढ कमी असते. खालच्या रुंद तोंडाला ते पुरतं, लांब अरुंद होजमधून मात्र हवेचा जोर वाटेतच मरतो. अमेरिकेत ओहायोतल्या जेम्स स्पँगलरने 1908 मध्ये पेटंट घेतलं तेही फिरता ब्रश, पंखा आणि कापडी पिशवी असंच होतं, ते मशीन मुळात कार्पेटसाठीच. फक्त एकदा प्लग काढून पंख्याची पाती बघून घ्या, खडा किंवा नाणं आत गेलं तर ती तुटतात. पाती धड असतील तर जिन्यासाठी हातातला छोटा व्हॅक्यूम घ्या आणि हा कार्पेटला ठेवा.