विद्यार्थी मंडळांचे 'राजकीय' कार्यक्रम : परवानगी कोणी द्यायची आणि कशावरून?

पारावरचा पांथस्थ

विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या परिपत्रकांत एक वाक्य थोड्याफार फरकाने वारंवार भेटते : 'आवारात राजकीय स्वरूपाचा कोणताही कार्यक्रम पूर्वपरवानगीशिवाय घेता येणार नाही.' वाचताना त्यात वावगे काही वाटत नाही. सभागृह संस्थेचे, वीज संस्थेची, उद्या काही बरेवाईट झाले तर उत्तर देणारीही संस्थाच. मग विद्यार्थ्यांनी आधी विचारले तर बिघडले कुठे? माझी हरकत विचारण्याला नाही. ती 'राजकीय स्वरूपाचा' या शब्दांना आहे, कारण त्यांचा अर्थ परिपत्रकात दिलेला नसतो, आणि तो नसल्यामुळे त्या दिवशी खुर्चीवर जो अधिकारी असेल त्याच्या मनात तो नव्याने तयार होतो.

उदाहरणे दूरची नाहीत. २०१५ च्या मे महिन्यात आयआयटी मद्रासने आंबेडकर-पेरियार अभ्यास मंडळाची मान्यता काढली. निनावी तक्रार मंत्रालयातून पुढे आली होती. कारण मात्र असे देण्यात आले की, मंडळाने संस्थेचे नाव परवानगीविना वापरले. देशभर ओरड झाल्यावर जूनमध्ये मान्यता परत मिळाली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयाने पंतप्रधानांना सामूहिक पत्रे लिहिण्याचा कार्यक्रम घेणाऱ्या सहा विद्यार्थ्यांना काढून टाकले आणि त्यासाठी विधानसभा निवडणुकीच्या आचारसंहितेचा हवाला दिला; काही दिवसांतच तो आदेश मागे घ्यावा लागला. आयआयटी मुंबईने नोव्हेंबर २०२३ मध्ये एका व्याख्यानावरून वाद झाल्यानंतर ज्या अंतरिम सूचना काढल्या, त्यांत निखळ अराजकीय कार्यक्रम मोकळे सोडून बाकीच्यांना पूर्वपरवानगीची अट घातली. म्हणजे आपला कार्यक्रम अराजकीय आहे, हे आधी विद्यार्थ्यानेच सिद्ध करायचे. पाणीवाटपावरचे व्याख्यान अराजकीय आहे का? आरक्षणाच्या इतिहासावरचे? कांद्याच्या निर्यातबंदीवरचे?

माझा प्रस्ताव असा आहे की, नियम वर्तनाबद्दल असावेत, विषयाबद्दल नसावेत. वेळ, जागा, आवाज, अनामत रक्कम, परीक्षेच्या काळातील बंधने, पक्षाकडून पैसे घेण्यास मनाई, वर्ग अडवण्यास आणि कोणालाही सक्तीने बसवण्यास मनाई, हे सर्व स्पष्ट लिहावे आणि सर्व मंडळांना सारखे लावावे. नकार द्यायचाच असेल तर तो तीन दिवसांत, लेखी आणि नियमाचा क्रमांक देऊन द्यावा. उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरावे. हे अव्यवहार्य वाटणाऱ्यांनी आपली बाजू मांडावी.

खडूफळा

मी एकतीस वर्षे शिकवले आणि त्यांपैकी नऊ वर्षे उपप्राचार्य होतो, तेव्हा ज्या खुर्चीवर आपण रोख धरला आहे तिच्यावर मी बसलेलो आहे. धागाकर्त्यांच्या पिढीने बहुधा निवडणुकीचे दिवस पाहिलेले नाहीत. वर्ग प्रतिनिधी निवडून यायचे आणि त्यांनी विद्यापीठ प्रतिनिधी निवडायचा, अशी पद्धत होती. त्यामुळे मतदार मोजकेच असत आणि मतदानाच्या आदल्या आठवड्यात त्यांतले निम्मे गायब होत. कोणी महाबळेश्वरला, कोणी कोणाच्या तरी शेतावर. मुलाचा पत्ता नाही म्हणून पालक माझ्या दारात उभे राहिलेले मी पाहिले आहेत. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी उमेदवाराचा खून झाला, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुका बंद करून गुणवत्तेवर नेमणूक सुरू केली तेव्हा बहुतेक प्राध्यापकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. २००६ मध्ये उज्जैनच्या माधव महाविद्यालयात निवडणुकीवरून झालेल्या राड्यात प्राध्यापक सभरवाल प्राणाला मुकले. हे आठवले की 'वर्तनाचे नियम पुरेसे आहेत' हे वाक्य मला कागदावरचे वाटते. मारामारीला मनाई तेव्हाही होतीच.

दुसरी गोष्ट अशी की, तो मोघम शब्द विद्यार्थ्यांना जितका अडवतो, त्यापेक्षा अधिक तो आम्हाला वाचवतो. नगरसेवकाचा दूरध्वनी येतो : 'सर, आपल्या पोरांनी करिअर मार्गदर्शन शिबिर ठेवलंय, सभागृह द्या.' शिबिराच्या फलकावर मार्गदर्शकापेक्षा मोठे छायाचित्र कोणाचे असणार, हे मला ठाऊक असते. अशा वेळी 'साहेब, कार्यक्रम राजकीय स्वरूपाचा होतो, माझे हात बांधलेले आहेत' असे म्हणता येते. आपल्या प्रस्तावात वेळ बरोबर, अनामत भरलेली, ध्वनिक्षेपक मर्यादेत. मी त्याला कोणत्या क्रमांकाखाली नाही म्हणू?

गोदाकाठ

खडूफळा सरांचा अनुभव शहरातला आणि बऱ्या संस्थेतला दिसतो. मी तालुक्याच्या गावी शिकवतो. आमच्या संस्थेचे अध्यक्ष माजी आमदार आहेत, सचिव त्यांचे धाकटे बंधू. अध्यक्षांच्या वाढदिवसाला राष्ट्रीय सेवा योजनेची मुले रक्तदान शिबिर भरवतात, प्रवेशद्वारावर फ्लेक्स लागतो, मैदानावर मांडव पडतो आणि त्या दिवशीचे तास होत नाहीत. याला आजवर कोणी राजकीय कार्यक्रम म्हटलेले नाही. दोन वर्षांपूर्वी महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती रखडली म्हणून तीस-पस्तीस मुलेमुली मधल्या सुटीत कार्यालयाच्या पायऱ्यांवर शांतपणे बसली. संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरी निरोप गेले की, आपला पाल्य राजकारणात पडला आहे. त्यांपैकी एका मुलीचे शिक्षण तिथेच थांबले, कारण वडिलांनी पुन्हा पाठवलेच नाही.

आवारात राजकारण असावे की नसावे, हा प्रश्न आमच्याकडे लागूच होत नाही. ते आहे, पगारपत्रकावर सही करते आहे. प्रश्न इतकाच की, विद्यार्थ्यांनी केले तरच ते राजकारण का ठरते. मात्र धागाकर्त्यांनाही सांगतो, आपले नियम आमच्याकडे जसेच्या तसे आले तर सर्वांत आधी अध्यक्षांच्या पुतण्याचे मंडळ नोंदले जाईल, आणि वेळ, जागा, अनामत या तिन्ही गोष्टी त्यालाच सर्वांत सहज परवडतील.

कलम एकोणीस

या चर्चेत तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे : विद्यार्थी परिषदेची निवडणूक, मंडळाला मिळणारी मान्यता, आणि विद्यार्थ्याचे नागरिक म्हणून असलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य.

निवडणुकीचे नियम बरेचसे लिहिलेले आहेत. लिंगडोह समितीचा अहवाल मे २००६ मध्ये आला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो बंधनकारक केला. उमेदवाराला ५,००० रुपयांची खर्चमर्यादा, ७५ टक्के उपस्थिती, छापील भित्तिपत्रकांना बंदी, पक्षाच्या पैशाला बंदी, हे सर्व त्यात आहे. हे नियम इतके काटेकोर लावले गेले की, जेएनयूमधली निवडणूक २००८ मध्ये स्थगित झाली ती सवलती मिळाल्यावर २०१२ मध्येच होऊ शकली. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुका परत आणल्या, २०१९ साठी तयारीही झाली, विधानसभा निवडणुकीमुळे ती पुढे गेली, नंतर करोना आला आणि ती लांबतच राहिली. तेव्हा खडूफळा सरांनी सांगितलेल्या वर्ग प्रतिनिधींच्या पळवापळवीची भीती आजच्या मंडळांच्या व्याख्यानांना लावणे मला पटत नाही. ती एका विशिष्ट अप्रत्यक्ष निवडणूक पद्धतीची देणगी होती.

परंतु मान्यतेच्या बाबतीत मी धागाकर्त्यांच्या विरोधात आहे. संघटना स्थापन करण्याचा हक्क घटनेने दिला आहे. त्या संघटनेला विद्यापीठाने आपले नाव, खोली आणि निधी द्यावा, असा हक्क त्यात येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २००३ मध्ये सोजन फ्रान्सिस प्रकरणात महाविद्यालय आवारातील राजकीय कार्यावर बंदी घालू शकते, असे म्हटले. मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका पीएचडी विद्यार्थ्याला २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित करण्यात आले. त्याची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये फेटाळली, आणि त्यातला कळीचा मुद्दा हाच होता की, संस्थेचे नाव असलेल्या फलकाखाली मोर्चात उतरल्यामुळे ती मते संस्थेची असल्याचा समज पसरतो. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निलंबन भोगलेल्या काळापुरते मर्यादित करून त्याला शिक्षण पूर्ण करू दिले, हेही नोंदवतो. माझे म्हणणे असे की, नावाच्या वापराचा नियम हवा आणि तो कडक हवा.

मेसचा डबा

वसतिगृहाचे फाटक रात्री साडेनऊऐवजी साडेदहाला बंद व्हावे, कारण ग्रंथालय दहापर्यंत उघडे असते, एवढीच मागणी घेऊन आम्ही मुलींच्या सह्या गोळा केल्या होत्या. आमचे 'मंडळ' म्हणजे वाचन कट्टा. रेक्टर मॅडमनी कागद न वाचता विचारले, 'तुमच्या मागे कोणता पक्ष आहे?' कलम एकोणीस यांनी नावाचा कडक नियम सुचवला आहे. त्याप्रमाणे अर्जावर वसतिगृहाचे नाव लिहिल्याबद्दलही आम्हीच दोषी ठरलो असतो. (फाटक अजूनही साडेनऊलाच बंद होते.)

दोन मुलींचा बाप

सर्वांचे मुद्दे आदराने वाचले, तरी एक साधी शंका उरते. अठराव्या वर्षी मताचा अधिकार मिळतो, हे मान्य. त्यांनी मतदान करावे, पक्षात जावे, मोर्चात जावे. विद्यापीठाच्या फाटकाबाहेर आख्खे शहर पडले आहे. वर्षाची फी भरण्यासाठी मी कर्ज काढलेले आहे, आणि घोषणाबाजीमुळे एकही तास बुडाला तर तो माझ्या पैशाने बुडतो. मुलींच्या फाटकाच्या वेळेचा अर्ज हे राजकारण नव्हे, हे कोणीही सांगेल. ज्याला खरोखर पक्षाचे काम करायचे आहे, त्याला आवारच का लागते?

पारावरचा पांथस्थ

बापमाणसाला आधी उत्तर देतो. 'हे राजकारण नव्हे, हे कोणीही सांगेल' असे आपण म्हणता, पण ज्यांनी सांगायला हवे होते त्या रेक्टरनी तसे सांगितले नाही. माझा सगळा आक्षेप तेवढाच आहे. आवार का लागते, तर ग्रंथालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती, मेस यांबद्दलचे निर्णय आवारातच होतात म्हणून. तास बुडवणाऱ्यावर कारवाई व्हावी, या मताचा मीही आहे, आणि ती अध्यक्षांच्या वाढदिवसाच्या मांडवालाही लागू व्हावी.

शिवाय आवार पक्षमुक्त आहे, हा समज तरी कितपत खरा आहे? मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेसाठी नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा असतात. २०१८ आणि २०२४ या दोन्ही निवडणुकांत त्या दहाही युवासेनेने जिंकल्या, समोर अभाविप होती, आणि त्या निकालांच्या बातम्या पक्षांच्या जयपराजयाच्या भाषेतच छापून आल्या. विद्यापीठाचे अंदाजपत्रक जिथे मांडले जाते त्या सभेत पक्षाच्या नावाने निवडून यायला हरकत नाही, आणि वाचन कट्ट्याने सह्या गोळा केल्या तर मागे कोणता पक्ष आहे असे विचारायचे, हे मला समजत नाही.

कलम एकोणीस यांचा नावाबद्दलचा मुद्दा मान्य करतो, थोड्या दुरुस्तीसह : संस्थेच्या वतीने बोलत असल्याचा आभास निर्माण होईल असा वापर नको, पण 'अमुक वसतिगृहाच्या विद्यार्थिनी' एवढी ओळख सांगण्याची मोकळीक हवी. खडूफळा सरांच्या नगरसेवकाने मात्र मला खरोखर अडवले. त्यासाठी एक कलम वाढवतो : कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी, लोकप्रतिनिधी किंवा जाहीर झालेला उमेदवार व्यासपीठावर असेल, किंवा त्याचे छायाचित्र फलकावर असेल, तर तो कार्यक्रम पक्षीय समजावा, तो फक्त विद्यापीठाने आखलेल्या तारखांना, समोरच्या पक्षाला तितकीच वेळ देऊन आणि संस्थेच्या निधीतला एक रुपयाही न वापरता व्हावा. यात विषयाचा संबंध नाही, मोघमपणाही नाही, आणि संस्थेच्या अध्यक्षांना वगळलेले नाही.

खडूफळा

हे कलम मला सेवेत असताना मिळाले असते तर दोन दूरध्वनी कमी घ्यावे लागले असते, हे कबूल करतो. निवडणुकांबद्दलचे माझे मत बदललेले नाही. 'उत्तर आले नाही तर परवानगी समजावी' यालाही विरोध आहे. जून-जुलैत प्रवेशाच्या गर्दीत कार्यालयात अर्ज सापडतसुद्धा नाहीत, तिथे तीन दिवसांनी मुले आपोआप सभागृहात शिरली तर शिपाई कुलूप कोणाच्या आदेशाने उघडणार? सात दिवस ठेवा आणि अर्जाला आवक क्रमांक देण्याची सक्ती करा. मात्र अध्यक्षांना लागू होणारा नियम कोणत्या प्राचार्याने लिहायचा, ते सांगा.

कलम एकोणीस

प्राचार्याने लिहायचाच नाही. नियम विद्यापीठाने करून सर्व संलग्न महाविद्यालयांना लावावा. मग तो मोडणाऱ्या संस्थेला जाब विद्यापीठ विचारेल, प्राचार्याला नव्हे. सात दिवसांना माझी संमती आहे.

गोदाकाठ

विद्यापीठाने लावला तर उत्तमच. आमच्या सभागृहाला अध्यक्षांच्या वडिलांचे नाव आहे आणि व्यासपीठामागच्या भिंतीवर त्यांचे सहा फुटी तैलचित्र आहे, तेही हयातीत आमदारच होते. नव्या कलमानुसार तिथे होणारा प्रत्येक कार्यक्रम पक्षीय ठरतो. दिवंगतांना सूट द्यावी, असे सुचवतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सला देऊ नये.