मदत हवी आहे : सांगितल्याशिवाय मुले हात धूत नाहीत, सवय कशी लावावी?

नमस्कार.

मी पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. या वयात आरोग्याच्या सवयी लावणे हे अभ्यासापेक्षा वेगळे काम आहे, असे मला वाटत नाही. झोप अपुरी झालेले, सकाळपासून पाण्याचा घोटही न घेतलेले किंवा शरीरात लोह कमी असल्यामुळे थकलेले मूल फळ्याकडे पाहत असले तरी त्याचे लक्ष तिथे टिकत नाही, आणि जुलाबामुळे काही दिवस घरी राहिलेले मूल परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो.

माझी अडचण माहिती देण्याची नाही. मुलांना विचारले तर साबण किती वेळ चोळायचा, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली कसे घासायचे, हे सगळे ती न चुकता सांगतात. नळ त्यांच्या उंचीचे आहेत, साबणही रोज असतो. तरीही मी नळाजवळ उभी राहिले तरच हात धुतले जातात. मी वर्गात थांबले की मधल्या सुट्टीत बहुतेक मुले थेट डबा उघडतात. म्हणजे मुलांना सवय लागली आहे ती माझ्या आवाजाची, हात धुण्याची नव्हे. हे आठवण करून देणे टप्प्याटप्प्याने कसे थांबवावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे. हात धुणाऱ्यांच्या नावापुढे चांदणी लावावी, अशी सूचना काही सहकाऱ्यांनी केली आहे, परंतु चांदण्या बंद झाल्यावर काय होईल, याची मला शंका वाटते.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट विचारायची आहे. काही मुले, विशेषतः मुली, शाळेत जवळजवळ पाणीच पीत नाहीत, कारण त्यांना शाळेच्या स्वच्छतागृहात जायचे नसते. लघवी आणि शौच रोखून धरल्याने बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे केवळ ‘पाणी प्या’ असे सांगून मला समाधान वाटत नाही. ज्यांनी हे प्रत्यक्ष हाताळले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. माहिती असणे आणि हात आपोआप नळाकडे वळणे, यांत बरेच अंतर असते, आणि ते अंतर उपदेशापेक्षा जागेच्या मांडणीने लवकर कमी होते. बांगलादेशातील दोन ग्रामीण प्राथमिक शाळांमध्ये याचा एक सुंदर अभ्यास झाला होता, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे शौचालयापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत रंगीत वाट आखली, वाटेवर पावलांचे ठसे आणि हात धुण्याच्या जागी हातांचे ठसे रंगवले. हात धुण्याविषयी वेगळा पाठ दिला नाही. शौचालयातून आल्यावर साबणाने हात धुणाऱ्या मुलांचे प्रमाण आधी अवघे ४ टक्के होते, ते दुसऱ्याच दिवशी ६८ टक्क्यांवर गेले आणि सहा आठवड्यांनंतरही ७४ टक्के होते. शाळा दोनच होत्या, त्यामुळे हेच आकडे सर्वत्र येतील असे मी म्हणणार नाही, पण उपाय स्वस्त आहे आणि आपल्या अडचणीला तंतोतंत लागू पडतो : आठवण करून देण्याचे काम जमिनीवरची वाट करते, आपल्याला तिथे उभे राहावे लागत नाही.

दुसरे म्हणजे, डबा उघडण्याची घंटा आणि हात धुण्याची घंटा एक असू नये. हात धुण्यासाठी वेळापत्रकात स्वतंत्र पाच-सात मिनिटे द्यावीत. फिलिपाइन्समधील अनेक शाळांत हात धुणे आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे ही रोज सर्वांनी मिळून करायची कामे आहेत. शेजारचा मित्र करतो आहे हे दिसले की लहान मूल सहसा मागे राहत नाही.

पाण्याबाबत सुरुवात स्वच्छतागृहापासूनच करावी लागेल. दाराची कडी लागते का, आत उजेड आहे का, पाणी आणि साबण आहे का, हे मुलांनाच, मुलींना वेगळे बसवून, शांतपणे विचारावे. तासाच्या मध्येही जाण्याची परवानगी आहे, हे स्पष्ट सांगावे. या दोन गोष्टी झाल्या की पाणी पिण्यासाठी फार आग्रह करावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद २

चांदण्यांविषयी आपली शंका रास्त आहे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतील मुलांना बक्षीस मिळेल असे आधी सांगून चित्रे काढायला लावली, तेव्हा पुढे मोकळ्या वेळात ती चित्रांकडे कमी वळली. हात धुणे काही चित्रांइतके आवडीचे नसते, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. तरीही नावांचा तक्ता मी टाळेन, कारण त्यात ज्याच्या नावापुढे काही नाही ते मूल सर्वांसमोर उघडे पडते. त्याऐवजी आठवड्यागणिक दोन मुलांवर साबण आणि रांग पाहण्याची जबाबदारी द्यावी.

झोपेचा उल्लेख आपण ओझरता केला आहे, पण पालकसभेत तो विषय अवश्य घ्यावा. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाच्या चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप लागते. म्हणजे सकाळी सहाला उठणाऱ्या मुलाला रात्री नऊच्या आत झोप लागलेली असायला हवी. हा हिशेब समोर मांडला की पालकांना उपदेश करावा लागत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मुलींशी बोलण्याचे काम मी आधी हाती घेईन, कारण ते लांबवण्यासारखे नाही. वाट आणि ठसे मुलांकडूनच रंगवून घेण्याचा विचार आहे. एक गोष्ट मात्र कळवावी : रंग झिजल्यावर वाट पुन्हा रंगवत राहावी, की सवय टिकली आहे का हे पाहण्यासाठी काही काळ तशीच पुसट होऊ द्यावी?