बाप्तिस्मा घ्यायच्या आधी नीट समजून घ्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी मिरजेची, वय २४. दीड वर्ष झालं मैत्रिणीबरोबर चर्चला जातेय आणि येशूवर माझा मनापासून विश्वास बसलाय. आता पाळकसाहेब म्हणाले, घाई नाही, आधी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा ६ वा अध्याय वाच मग बोलू. वाचला, तीनदा वाचला. ख्रिस्ताबरोबर मरणं, पुरलं जाणं आणि नव्या जीवनात चालणं, हे वाचताना अंगावर काटा आला पण रोजच्या जगण्यात म्हणजे नेमकं काय ते कुणीतरी सांगा ना.

दुसरं म्हणजे येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराचा बाप्तिस्मा झालाच नव्हता तरी येशू त्याला म्हणाला तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील, मग तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासानेच होतं ना? आणि तसं असेल तर पाण्यात उतरायचं ते कशासाठी, आज्ञा म्हणून की सगळ्यांसमोर साक्ष म्हणून? मैत्रिणीचा लहानपणीच पाणी शिंपडून झालाय, आमच्या चर्चमध्ये मात्र मोठ्यांना हौदात पूर्ण बुडवून देतात, यावरून पण डोक्यात गोंधळ आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८३ ला बाप्तिस्मा घेतला पण ख्रिस्त खऱ्या अर्थाने आपल्याला नंतर भेटला असं त्यांनीच लिहून ठेवलंय. मला तसं नको, आधी कळू दे.

घरी आई काल भाकऱ्या थापता थापता एवढंच म्हणाली, "तू आमचीच राहशील ना गं?" मला उत्तर देताच आलं नाही. ज्यांनी मोठेपणी घेतलाय त्यांनी घरच्यांना कसं सांगितलं ते प्लीज लिहा.