आईच्या दाढा: अ‍ॅक्रेलिकची कवळी की धातूची?

घाटंजीकर
आईच्या खालच्या जबड्यातल्या दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा गेल्या, समोरचे आठ दात शाबूत आहेत. ज्वारीची भाकर चावल्या जात नाही, वरणात भिजवून खाते. डॉक्टर म्हणाले, काढता-घालता येणारी अर्धी कवळी करू, अ‍ॅक्रेलिकची किंवा धातूच्या फ्रेमची. धातूची बरीच महाग, आणि चार-पाच चकरा. सोयाबीन काढणीत कसं जमावं? एकदा माप घेतलं की दात बसवता येत नाहीत काय?

लॅबवाला, वर्धा
भाऊ, मी डेंटल लॅबमध्ये हेच काम करतो. चकरा उगाच नाहीत.

पहिलं माप अल्जिनेटचं, म्हणजे पाण्यात कालवून तोंडात ठेवायच्या लगद्याचं. ते हवेत आकसतं, म्हणून लगेच त्यात स्टोन (घट्ट होणारं प्लास्टर) ओतून मॉडेल काढतात. हे मॉडेल सर्व्हेयर नावाच्या उपकरणावर लावून आम्ही प्रत्येक दाताचा फुगवटा पेन्सिलच्या शिशाने आखतो. क्लास्पचं, म्हणजे दाताला धरणाऱ्या आकड्याचं टोक त्या फुगवट्याच्या खाली बसवायचं असतं, कोबाल्ट-क्रोमियमचं असेल तर साधारण ०.२५ मिलिमीटरच आत. बांगडी जशी पंजावरून थोडी दाबून चढते आणि मनगटावर राहते, तसं.

त्यानंतर डॉक्टर दातावर एक लहानशी खाच करतात. तिच्यात फ्रेमचा रेस्ट, म्हणजे कवळीचा भार दातावर देणारा टेकू, बसतो. माझ्या मते सगळ्या कवळीत हा रेस्ट सर्वात मोलाचा आहे. काकूंच्या जबड्यात मागे टेकायला दातच नाही. घास चावताना हिरडी दबते, दात मात्र जेमतेम हलतो. रेस्ट नसला की कवळी हळूहळू खाली रुतते, समोरच्या दातांमागची हिरडी सोलते, हाड झिजवते. आमच्याकडे दुरुस्तीला अशा कवळ्या येतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण पेशंटचे चांगले दातही तोवर हलायला लागलेले असतात.

खाच झाली की दुसरं माप. त्यावरून उष्णता सोसणारं मॉडेल, त्यावर मेणाची फ्रेम, मग मेण जाळून त्या जागी १३०० अंशांच्या वर वितळणारा धातू. फ्रेम तोंडात बसते का ते पाहायचं, मेणावर चावा घ्यायचा, मेणात दात लावून पुन्हा बघायचं. शेवटी मेणाच्या जागी अ‍ॅक्रेलिक भरून गरम पाण्यात सावकाश शिजवायचं. घाई केली तर अ‍ॅक्रेलिकमधला मोनोमर नावाचा द्रव उकळतो आणि बुडबुडे राहतात.

उरलेले आठ दात घट्ट असतील तर धातूचीच करा. हलत असतील तर अ‍ॅक्रेलिकची बरी, पुढे दात पडला तर तो तिच्यात सहज जोडता येतो. अ‍ॅक्रेलिकमध्येही तारेचा रेस्ट देता येतो, तो मागून घ्या. आणि बाजारात बसून एका बैठकीत 'फिक्स' दात चिकटवून देणाऱ्याकडे नेऊ नका. खाली अन्न सडतं, बाजूचे दातही जातात.

घाटंजीकर
दादा, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. एक विचारतो, आई खूप वर्षांपासून खर्रा (सुपारी-तंबाखू) खाते. तोंड पूर्ण उघडत नाही, दोन बोटंच जातात. माप घेता येईल ना?

पुसदची ताई
मी धातूची वापरते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, उकळत्या पाण्यात कधीच नाही. धुताना खाली पाण्याचं घमेलं ठेवा, हातून निसटली तर तुटत नाही. उरलेले दात जेवल्यावर घासायचेच, क्लास्पखाली कीड लवकर लागते.

लॅबवाला, वर्धा
भाऊ, मग कवळी नंतर. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होते, त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. मापाचा ट्रेही नीट जाणार नाही. सावंगी मेघेचं डेंटल कॉलेज किंवा नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, जे जमेल तिथे आधी तोंड तपासून घ्या. खर्रा आजपासून बंद. यासाठी सोयाबीन निघायची वाट पाहू नका.