मदत हवी आहे: बेळगावच्या टिळकवाडी-शहापूर भागात निवांत चहाचं ठिकाण

पहिल्या रेल्वे गेटापासून कपिलेश्वर मंदिरापर्यंत, गल्लीतलं एखादं घरगुती चहाचं दुकान सुचवा. चार बाकडी पुरेत, पण टीव्ही नको आणि तासभर बसलं तरी कुणी उठवू नये. वेळ दुपारी 4 ते 6.

मुख्य अट चहाची. दर वेळी नवा टाकणारा हवा. सकाळपासून मंद आचेवर ठेवलेल्या पातेल्यात पत्तीचा तुरटपणा उतरत राहतो, मग तो झाकायला साखर वाढते. दोन कपांना एक कप पाणी, एक कप दूध, दोन चमचे पत्ती, एवढं साधं प्रमाण पुरतं. आलं आधी पाण्यात चांगलं उकळायला हवं. कच्चं आलं थेट दुधात पडलं की दूध फाटू शकतं.

गुळाचा मिळाला तर फारच उत्तम! तिथे गूळ गॅस बंद केल्यावर घालतात की दुधाबरोबर उकळतात, हे पाहिलं असेल तर जरूर लिहा. उकळत्या दुधात गूळ टाकला तर चहा नासू शकतो. सोबत कुंदा (दुधाची मिठाई) ठेवत असतील तर तेही सांगा.

वडगावातलं ठिकाणही चालेल. गल्लीची खूण आणि सुट्टीचा वार तेवढा कळवा.