सुपरचार्जरवाली पेट्रोल गाडी घाटात दुपारी मार खाते, इंटरकूलर तपासू की अजून काही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मार्गदर्शन करा. जुनी 1.8 पेट्रोल सेदान आहे, बेल्टवर फिरणारा रूट्स टाइप सुपरचार्जर (हवा दाबून इंजिनात ढकलणारा), पुढे बंपरमागे साधा एअर टू एअर इंटरकूलर (दाबून तापलेली हवा बाहेरच्या वाऱ्याने थंड करणारा). नाशिकहून सकाळी निघालो की गाडी मस्त पळते पण दुपारी मुंबईहून परत येताना कसारा घाट लागला आणि एसी चालू असला की पिकअप एकदम पडतो, ट्रकला ओव्हरटेक करायला जावं तर पूर्ण दाबूनही गाडी उचलत नाही. चेक इंजिन लाइट नाही, कूलंटचं टेम्परेचर नॉर्मल.

ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरची रीडिंग दाखवणारं यंत्र) इनटेक एअर टेम्परेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, घाटात 75 च्या पुढे जातं, सकाळी हायवेला 45 च्या आसपास असतं. त्याच वेळी इग्निशन टायमिंगही मागे आलेलं (स्पार्क उशिरा पडतोय असं) दिसतं, म्हणजे नॉकिंग (पेट्रोल आपोआप पेटून बसणारे ठोके) होऊ नये म्हणून ईसीयूच (इंजिनचा कॉम्प्युटर) पॉवर कमी करतोय असं मला वाटतं. बाहेर 40 डिग्री, बूस्ट (सुपरचार्जरने वाढवलेलं प्रेशर) अर्धा बार आणि सुपरचार्जरची एफिशियन्सी 60 टक्के धरली तर दाबलेली हवा 100 च्या वर जाते हो! ती इंटरकूलरने 60 वर आणली तर त्याच प्रेशरला घनता 12-13 टक्के वाढते, मग तो नीट काम करत नसेल तर फरक पडणारच ना.

गॅरेजवाले दादा म्हणतात प्लग, कॉइल बदला. पण मिसफायर कुठेच नाही आणि थंडीत गाडी ठणठणीत चालते, त्यामुळे पटत नाही. बंपर काढून बघितलं तर इंटरकूलरच्या खालच्या फिन्समध्ये (पातळ पात्यांमध्ये) चिखल आणि किडे घट्ट बसलेत, काही फिन्स खडी लागून चेपल्यात, आउटलेट होजमध्ये बोट फिरवलं तर ऑइलचा थर. थोडं ऑइल पीसीव्हीमुळे (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) येतं हे माहिती आहे पण बोटाला चांगलं जाड लागलं.

आतलं ऑइल कशाने धुवावं, रॉकेलने रबर होज खराब होतील का? प्रेशर वॉशर मारायची भीती वाटते, उरलेल्या फिन्सपण वाकायच्या. एसीचा कंडेन्सर इंटरकूलरच्या पुढेच आहे, त्याची गरम हवा थेट यावर येते, घाटात वीस-तीसच्या स्पीडला वारा तरी किती लागणार, यावर कुणी फॅन किंवा डक्ट करून घेतलाय का? एक जण वॉटर कूल्ड इंटरकूलर सुचवतोय, त्याला वेगळा पंप आणि वेगळा रेडिएटर लागतो, पण लांब चढणीवर ते पाणीच तापलं तर फायदा उरतो का? घाटात वापरलेल्या कुणी रीडिंग असतील तर प्लीज टाका, त्यावरूनच धुऊन परत बसवायचा की नवा घ्यायचा ते ठरवेन.